राजज्योतिषी सर फ्रँक डायसन

ज्यांच्या घरी रेडिओ आहे अशा आमच्या बालवाचकांस बातम्यांपूर्वी ऐकू येणारे ते बारीक, एकसारखे ठोके ठाऊक असतील. आमच्या लहानपणी हे ठोके म्हणजे घरातील एक विधीच होता. त्यांची वेळ जवळ आली की वडील सर्वांस गप्प राहण्याची खूण करीत, मनगटावरील घड्याळाची चावी बाहेर ओढून धरीत आणि शेवटचा ठोका पडताच ती आत दाबीत. मग भिंतीवरच्या घड्याळाची पाळी येई. एकदा आम्ही त्यांस विचारले की, रेडिओवाल्यांस वेळ कोण सांगतो? ती दिल्लीहून येते, असे उत्तर मिळाले. मग दिल्लीस कोण सांगतो, असे विचारता त्यांनी आमच्याकडे क्षणभर पाहिले आणि आम्हांस अभ्यासास बसविले.

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस पुष्कळ वर्षांनी एका इंग्रज ज्योतिर्विदाचे चरित्र वाचीत असता मिळाले. नभोवाणीवरून सहा ठोके देऊन घरोघरी अचूक वेळ पोहोचविण्याची प्रथा इंग्लंडात १९२४ साली सुरू झाली, आणि ती सुरू करण्यात ज्यांचा हात मुख्य होता ते सर फ्रँक वॉटसन डायसन हे ग्रीनिच येथील वेधशाळेचे नववे राजज्योतिषी होत. या पदवीवरून कोणी असा समज करून घेऊ नये की हे गृहस्थ राजाची पत्रिका मांडीत असत. समुद्रावरील खलाशांस आपण कोठे आहोत हे कळावे म्हणून दुसऱ्या चार्ल्स राजाने १६७५ साली ग्रीनिचच्या टेकडीवर वेधशाळा स्थापिली. तिच्या मुख्याधिकाऱ्यास तेव्हापासून हे नाव होते. त्याचे काम ताऱ्यांची स्थाने मोजणे आणि वेळ राखणे एवढेच. भविष्य सांगावयाचे ते ग्रहणांचे आणि समुद्राच्या भरतीचे; माणसांचे नव्हे.

डायसन यांचा जन्म ८ जानेवारी १८६८ रोजी इंग्लंडच्या मध्यभागी मेशम नावाच्या लहानशा गावी झाला. त्यांचे वडील बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक होते. पाळकाच्या घरात पैसा बेताचाच असतो आणि बदल्या मात्र चुकत नाहीत, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांस सांगावयास नको. फ्रँक लहान असतानाच हे कुटुंब उत्तरेकडे यॉर्कशर परगण्यात गेले. तेथे हॅलिफॅक्स येथील शाळेत व पुढे ब्रॅडफर्ड येथील शाळेत त्यांचे शिक्षण झाले. ते शिष्यवृत्तीवर शिकले, व शिष्यवृत्तीवरच केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. १८८९ साली तेथील गणिताच्या मोठ्या परीक्षेत त्यांचा दुसरा क्रमांक आला. त्या काळी या परीक्षेतील पहिल्या दोघातिघांची नावे देशभर वर्तमानपत्रांत छापून येत आणि त्यांस पुढे वकिली, धर्मोपदेश, सरकारी नोकरी असे सर्व मार्ग मोकळे असत. डायसन यांनी १८९४ साली ग्रीनिच येथे मुख्य साहाय्यकाची जागा पत्करली. त्याच वर्षी त्यांचा विवाह कॅरोलीन बेस्ट या बाईंशी झाला. पुढे त्यांस दोन पुत्र व सहा कन्या झाल्या.

ग्रीनिचचे काम बाहेरून पाहणारास मोठे कंटाळवाणे वाटावे असेच होते. सर्व आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची एक विस्तृत सूची करावी असे अनेक देशांतील वेधशाळांनी मिळून ठरविले होते. त्यातील ग्रीनिचच्या वाट्याचे काम डायसन यांच्याकडे आले. काचेच्या एकेका पट्टीवर शेकडो काळे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक तारा. आणि प्रत्येकाचे अंतर सूक्ष्मदर्शकाखाली मोजून लिहावयाचे. याच्याच जोडीला त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतले. सुमारे शंभर वर्षांपूर्वी ग्रूमब्रिज नावाच्या एका लंडनच्या व्यापाऱ्याने हौसेखातर उत्तर ध्रुवाभोवतीच्या चार हजारांहून अधिक ताऱ्यांचे वेध घेऊन ठेविले होते. थॅकरे या सहकाऱ्याबरोबर डायसन यांनी ते सर्व आकडे नव्याने हिशेबात घेतले, ग्रीनिचच्या ताज्या वेधांशी ताडून पाहिले आणि स्थिर मानलेले तारे शंभर वर्षांत किती सरकले हे काढले. ग्रूमब्रिज आपल्या वह्या लिहून निघून गेला, त्यांचा उपयोग काय होणार हे त्यास कधी कळले नाही. आम्हांस हा भाग वाचताना नेहमी असे वाटते की, दुसऱ्याच्या जुन्या वह्यांवर इतका विश्वास टाकणारा मनुष्य स्वतःच्या वह्या किती जपून लिहीत असेल!

आता वेळेविषयी. वेळ घड्याळात असते असे आपण समजतो. परंतु घड्याळ ही केवळ वेळेची आठवण ठेवणारी वस्तू आहे, आणि तिची आठवण चुकते. खरी वेळ पृथ्वीच्या फिरण्यात आहे, असा त्या काळचा सिद्धांत होता. ग्रीनिच येथे एक मोठी दुर्बीण अशा रीतीने बसविलेली होती की ती केवळ उत्तर-दक्षिण रेषेतच वरखाली फिरे. पूर्वेस किंवा पश्चिमेस तिळभरही वळत नसे. रात्री निरीक्षक तिच्यापाशी बसे. ठराविक तारा दृष्टीच्या टप्प्यात शिरला, की तो मधल्या बारीक तारेवरून कोणत्या क्षणी गेला याची नोंद व्हावयाची. तोच तारा पुन्हा त्याच ठिकाणी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांनी येतो. वेधशाळेचे घड्याळ या ताऱ्याशी ताडून पाहावयाचे, आणि ते किती मागे वा पुढे आहे ते काढावयाचे. वडिलांस आम्ही विचारलेल्या प्रश्नाचे त्या काळचे उत्तर हेच: घड्याळवाल्यास वेधशाळा सांगे, आणि वेधशाळेस तारे सांगत. आकाश ढगाळ असले म्हणजे घड्याळावर भिस्त ठेवून थांबावयाचे. इंग्लंडचे आकाश कसे असते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस कळेल की ते थांबणे पुष्कळदा लांबत असे.

परंतु वेळ काढणे निराळे आणि ती लोकांपर्यंत नेणे निराळे. १८३३ सालापासून वेधशाळेच्या छपरावर एक मोठा गोळा खांबावर चढवीत आणि दुपारी बरोबर एक वाजता तो खाली सोडीत. थेम्स नदीतील जहाजांचे कप्तान दुर्बिणीतून त्याजकडे पाहून आपली घड्याळे लावीत. पुढे १८५२ पासून विजेच्या तारेने ही वेळ लंडनमधील कचेऱ्यांस व रेल्वेस पोहोचू लागली. ज्यांस अशी तार घेण्याची ऐपत होती त्यांची सोय झाली. इतरांसाठी, आज ऐकून नवल वाटेल, चक्क वेळेची फेरी निघत असे. बेलव्हिल नावाच्या कुटुंबाने हा धंदा १८३६ पासून चालविला होता. प्रथम बाप, मग त्याची विधवा, मग त्यांची कन्या रूथ. या रूथबाई दर आठवड्यास ग्रीनिचच्या टेकडीवर जात, आपले जुने, उत्तम घड्याळ वेधशाळेच्या घड्याळाशी ताडून त्यातील फरकाचा दाखला घेत आणि मग लंडनभर फिरून आपल्या गिऱ्हाइकांस, म्हणजे मुख्यत्वे घड्याळाच्या दुकानदारांस, ती वेळ पाहू देत. त्याबद्दल वार्षिक वर्गणी मिळे. त्यावर त्यांचे पोट चाले. डायसन साहाय्यक असताना व पुढे राजज्योतिषी झाल्यावरही या बाई आपली पिशवी सांभाळीत फाटकाशी येतच होत्या.

सारांश, अचूक वेळ ही विकत मिळणारी वस्तू होती. ज्याच्याजवळ पैसा, त्याच्याजवळ सेकंद. इतरांनी गावच्या घड्याळावर समाधान मानावयाचे. आणि गावचे घड्याळ म्हणजे काय, हे मुंबईच्या लोकांस तरी समजावून सांगण्याचे कारण नाही. १९०६ साली हिंदुस्थानास ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची एक प्रमाणवेळ ठरवून देण्यात आली. तरी मुंबईने तिच्या ३९ मिनिटे मागची आपली जुनी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत पुष्कळ ठिकाणी जपून ठेविली होती. एकाच शहरात दोन वेळा! गाडी एका वेळेने सुटावयाची आणि घरचे जेवण दुसऱ्या वेळेने व्हावयाचे. आमच्या वाचकांच्या घरी कोणी वृद्ध आजोबा असतील तर त्यांनी आपल्या वडिलांकडून याच्या गमती ऐकल्या असतील; त्यांस अवश्य विचारावे.

१९०५ साली डायसन यांची स्कॉटलंडचे राजज्योतिषी म्हणून एडिंबरो येथे नेमणूक झाली. तेथे ते पाच वर्षे राहिले. त्या शहरात वेळेचा पुकारा तोफेने होतो. १८६१ पासून किल्ल्यावरून दुपारी एक वाजता तोफ उडते, आणि तिचा क्षण त्या काळी वेधशाळा ठरवून देई. धुक्यात गोळा दिसत नाही, तोफ मात्र ऐकू येते, म्हणून ही योजना. परंतु येथे एक अडचण आहे आणि आमच्या वरच्या वर्गातील मुलांनी तिचा हिशेब मनात करून पाहावा. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. बंदर किल्ल्यापासून तीन किलोमीटरांवर असेल तर तोफेचा आवाज तेथे पोहोचावयास नऊ सेकंद लागणार. वेधशाळेने सेकंदाच्या अंशापर्यंत राखलेली वेळ वाटेतच नऊ सेकंदांनी म्हातारी होई! म्हणून शहराचा एक नकाशा छापिला होता आणि त्यावर तोफेभोवती वर्तुळे काढून कोणत्या भागात किती सेकंद वजा करावयाचे ते दाखविले होते.

नऊ सेकंदांत काय बिघडते, असे कोणी म्हणेल. घरच्या माणसाचे काही बिघडत नाही. परंतु पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. म्हणजे चार सेकंदांत विषुववृत्तावर एक सागरी मैल. घड्याळ चार सेकंद चुकले तर जहाजाचा कप्तान आपले स्थान एक मैल चुकीचे मांडतो. रात्रीच्या वेळी, खडकाळ किनाऱ्याशी, मैलभराची चूक ही जहाज आणि त्यावरील माणसे यांच्या जिवाची बाब असते. वेधशाळा स्थापन झाली ती याचसाठी.

१९१० साली ग्रीनिचचे राजज्योतिषी विल्यम ख्रिस्ती निवृत्त झाले व त्या जागी डायसन आले. त्याच वर्षी पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून बिनतारी यंत्राने वेळेच्या खुणा पाठविण्यास आरंभ झाला. बिनतारी लहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदास सुमारे तीन लाख किलोमीटर जातात. लंडनहून मुंबईस येण्यास त्यांस सेकंदाचा चाळिसावा हिस्साही पुरतो. तोफेची अडचण मुळातच नाहीशी झाली होती. परंतु त्या खुणा तज्ज्ञांसाठी होत्या. त्या ऐकावयास खास यंत्र व शिकलेला कान लागे. सामान्य घरात काही त्या पोहोचत नव्हत्या, आणि चारच वर्षांत युद्ध पेटले.

युद्धकाळातील डायसन यांच्या एका कृत्यामुळे त्यांचे नाव विज्ञानाच्या इतिहासात कायम झाले आहे, आणि त्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. आइन्स्टाइन यांनी बर्लिन येथे असा सिद्धांत मांडला होता की सूर्याजवळून जाणारा ताऱ्याचा प्रकाश किंचित वाकतो, आणि तो न्यूटनच्या नियमांवरून निघेल त्याच्या दुप्पट वाकतो. वाकण्याचे माप केवळ पावणेदोन विकला. हे तपासावयाचे तर सूर्याजवळचे तारे दिसले पाहिजेत, व ते खग्रास ग्रहणावाचून दिसत नाहीत. १९१७ साली डायसन यांनी दाखवून दिले की २९ मे १९१९ च्या ग्रहणात सूर्य रोहिणी नक्षत्रातील तेजस्वी तारकापुंजासमोर असेल, आणि इतकी चांगली संधी फार वर्षे पुन्हा येणार नाही. मौजेची गोष्ट ही की स्वतः डायसन यांचा त्या सिद्धांतावर विश्वास नव्हता. तो खोटा ठरेल असेच त्यांस वाटत होते. तरीही भर युद्धात, शत्रूच्या राजधानीत बसलेल्या शास्त्रज्ञाचे म्हणणे खरे की खोटे हे पाहण्यासाठी त्यांनी सरकारकडून पैसा मिळविला.

या कामास सर्वांत योग्य मनुष्य केंब्रिजचे एडिंग्टन. ते क्वेकर पंथाचे, म्हणजे शस्त्र हाती न धरणारे. सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला होता आणि एडिंग्टन यांनी तर आपण सद्सद्विवेकास स्मरून लढणार नाही असे उघड सांगितले. अशा लोकांकडे त्या दिवसांत देशद्रोही म्हणून पाहत. कित्येक तुरुंगात गेले. डायसन यांचे सरकारदरबारी वजन होते. त्यांनी मध्यस्थी केली आणि एडिंग्टन यांस या अटीवर सूट मिळाली की युद्ध वेळेत संपल्यास त्यांनी ग्रहणाच्या मोहिमेवर जावे. डायसन हे स्वतः क्वेकर नव्हते. आपल्या कचेरीतील माणसे युद्धावर गेलेली ते पाहत होते. तरी दुसऱ्याच्या विवेकास त्यांनी मान दिला, व तो गाजावाजा न करता दिला. एडिंग्टन हे कॉटिंगहॅम नावाच्या घड्याळजीस बरोबर घेऊन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेले. ग्रीनिचचे दोघे ब्राझीलमधील सोब्राल येथे. ६ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनच्या सभेत डायसन यांनीच उभे राहून निकाल सांगितला: प्रकाश आइन्स्टाइन यांच्या हिशेबाप्रमाणे वाकतो. आपला अंदाज चुकला हे त्यांनी मान्य केले. आइन्स्टाइन यांचे नाव त्यानंतर जगभर झाले. डायसन पुन्हा ग्रीनिचच्या टेकडीवर आपल्या घड्याळांकडे गेले.

आणि घड्याळांत त्या सुमारास मोठी क्रांती होत होती. लंबकाचे घड्याळ चुकते, कारण लंबकास काम करावे लागते: चाके फिरवावी लागतात, हवा कापावी लागते. शॉर्ट नावाच्या एका रेल्वे इंजिनिअरने अशी युक्ती काढली की एक लंबक हवा काढून घेतलेल्या तांब्याच्या नळकांड्यात मोकळा सोडावयाचा, त्यास कसलेही काम द्यावयाचे नाही; चाके फिरविण्याचे ओझे दुसऱ्या, चाकर लंबकावर टाकावयाचे; आणि दर अर्ध्या मिनिटास मोकळ्या लंबकास हलकासा धक्का देऊन त्याच्याकडून चाकराची चूक सुधारून घ्यावयाची. घरात जसा एखादा वृद्ध काहीच काम करीत नाही, परंतु सर्वांची चाल त्याच्याकडे पाहून ठरते, तसेच हे. पहिले असे घड्याळ १९२१ साली एडिंबरोच्या वेधशाळेत बसविले, आणि १९२४ मध्ये ग्रीनिच येथे आले. वर्षात सुमारे एका सेकंदाची चूक, इतके ते नेमके होते. मौज अशी की, पृथ्वीचा आस साडेअठरा वर्षांच्या फेऱ्यात किंचित डुलतो व त्यामुळे ताऱ्यांवरून काढलेल्या वेळेत जो बारीक फरक पडतो, त्याकडे आजवर दुर्लक्ष केलेले चालत होते. आता घड्याळच इतके चांगले झाले की तोही हिशेबात धरावा लागला.

शॉर्ट यांचे घड्याळ ज्यांच्या कारखान्यात तयार होई ते फ्रँक होप-जोन्स या कथेतील दुसरे महत्त्वाचे गृहस्थ. इंग्लंडात नभोवाणी १९२२ च्या नोव्हेंबरात सुरू झाली होती. वेळ सांगण्याची पद्धत तेव्हा इतकी बाळबोध होती की निवेदक स्टुडिओतील घड्याळाकडे पाहून पियानोवर वेस्टमिन्स्टरच्या टोल्यांचे सूर वाजवी. एप्रिल १९२३ मध्ये, उन्हाळ्याची घड्याळे पुढे करण्याच्या आदल्या रात्री, होप-जोन्स यांनी त्या विषयावर नभोवाणीवर भाषण केले आणि शेवटी तासाचे अखेरचे पाच सेकंद स्वतः मोजून दाखविले. हे सेकंद माणसाने तोंडाने मोजण्याऐवजी वेधशाळेच्या घड्याळानेच का मोजू नयेत, ही कल्पना तेथून निघाली. नभोवाणीचे व्यवस्थापक रीथ आणि डायसन यांची बोलणी झाली, व योजना ठरली.

ग्रीनिचच्या दोन घड्याळांच्या लंबकांस विजेचे स्पर्श जोडले; दोन अशासाठी की एक बिघडले तर दुसरे असावे. तेथून तारेने खूण लंडनच्या स्टुडिओत जाई आणि तेथे ती ‘पिप्’ अशा बारीक, उंच स्वरात बदलून हवेत सुटे. ठोके सहा: तासापूर्वीच्या पाच सेकंदांचे पाच, व सहावा तासाचा. आधीचे पाच हे कान तयार व्हावा म्हणून. हात घड्याळाच्या चावीवर जावा, श्वास रोखावा आणि मग तो क्षण यावा. ५ फेब्रुवारी १९२४ च्या रात्री साडेनऊ वाजता हे ठोके पहिल्यांदा वाजले, व त्या प्रसंगी डायसन यांनी नभोवाणीवर जाऊन श्रोत्यांस त्यांचा परिचय करून दिला.

त्या रात्री काय झाले याचा थोडा विचार करावा. खाणीत काम करणारा मजूर, शेतावरचे घर, दीपगृहाचा रखवालदार, खेड्यातील शाळा, ज्याच्याजवळ साधे स्फटिकाचे यंत्र व कानाला लावावयाची टोपी होती त्या प्रत्येकास, लंडनच्या मोठ्या पेढीजवळ जी वेळ होती तीच वेळ मिळाली. वेगळी वर्गणी नाही, दाखला नाही. राजास निराळा सेकंद आणि रंकास निराळा असे राहिले नाही. आम्ही आरंभी एका लहान गावच्या शाळेत शिकवीत होतो. तेथील घड्याळ पाच-सात मिनिटे मागे चाले आणि त्यापायी परीक्षेच्या दिवशी एका मुलीची एस. टी. चुकून तिचा पेपर बुडाला. तिची काही चूक नव्हती. तिला जी वेळ सांगण्यात आली होती तिच्यावर तिने विश्वास ठेविला होता, इतकेच. ती मुलगी आम्हांस या प्रकरणात नेहमी आठवते.

रूथबाईंचे काय झाले, असे वाचक विचारतील. ठोके सुरू झाले तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या. त्यांनी धंदा सोडला नाही. गिऱ्हाइके कमी झाली असतील, परंतु पुढे आणखी सोळा वर्षे, दुसरे युद्ध सुरू झाल्यावरही, त्या आपले घड्याळ घेऊन फिरत राहिल्या. ज्या वेधशाळेने त्यांचा धंदा बसविला तिचे फाटक त्यांस बंद झाले नाही, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

जहाजांचाही डायसन यांस विसर पडला नव्हता. १९२७ च्या डिसेंबरात रग्बी येथील प्रचंड बिनतारी केंद्रावरून ग्रीनिचची वेळ साऱ्या महासागरांवर पाठविण्यास सुरुवात झाली. भर समुद्रातील कप्तानास आता बंदरातील गोळ्याची वाट पाहावयास नको. त्याच वर्षी २९ जून रोजी इंग्लंडात खग्रास सूर्यग्रहण झाले; असे त्या देशात १७२४ नंतर प्रथमच घडत होते. डायसन यांनी आपल्या दुर्बिणी गिगल्सविक या गावच्या एका जुन्या शाळेच्या मैदानात मांडल्या. पहाटेपासून आकाश ढगांनी भरलेले. खग्रास स्थिती केवळ २३ सेकंदांची! बहुतेक सर्व ठिकाणी लोक ढगांकडे पाहत राहिले. गिगल्सविकवर मात्र ऐन वेळी ढग फाटले, आणि काळवंडलेल्या सूर्याभोवतीचे ते रुपेरी तेज दिसले. हिशेबाप्रमाणे, सांगितलेल्या वेळी.

१९१५ मध्ये त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली होती. १९३३ साली ते निवृत्त झाले, १९३७ साली त्यांची पत्नी वारली. १९३९ साली ऑस्ट्रेलियाहून जहाजाने मायदेशी परत येत असता, २५ मे रोजी, वाटेतच डायसन यांचा अंत झाला. त्यांचा देह समुद्रासच अर्पण करण्यात आला.

त्याच वर्षी युद्ध सुरू होताच ग्रीनिचची कालमापनाची घड्याळे लंडनबाहेर हलविली. परंतु ठोके चालूच राहिले. पुढे लंबकांची जागा स्फटिकांच्या घड्याळांनी घेतली, त्यांची अणुघड्याळांनी. आणि पृथ्वी स्वतःच थोडी अनियमित फिरते हे कळून आल्यावर ताऱ्यांकडून सेकंद घेणेही बंद झाले. १९७२ च्या आरंभापासून शेवटचा ठोका लांब केला आहे, तेव्हा तास कोठे सुरू होतो याविषयी घोटाळा होत नाही: त्या लांब ठोक्याच्या आरंभी. १९९० च्या ५ फेब्रुवारीपासून बी. बी. सी. हे ठोके वेधशाळेवाचून, उपग्रहांच्या साहाय्याने, स्वतः तयार करते. नव्या तऱ्हेच्या डिजिटल रेडिओवर मात्र तेच ठोके काही सेकंद उशिराने ऐकू येतात, कारण यंत्रास आवाज उलगडावयास वेळ लागतो. ज्या मुलांच्या घरी जुना व नवा असे दोन्ही रेडिओ असतील त्यांनी एकच केंद्र दोहोंवर लावून पाहावे, आणि फरक किती पडतो तो आम्हांस कळवावा.